बेवारस मधपेट्या: झाकण उघडण्याआधी काय काय तपासायचं

पडीक बागेच्या कडेला, नव्याने घेतलेल्या जमिनीच्या कोपऱ्यात किंवा भाडेकरू सोडून गेलेल्या घरामागे दोन-चार मधपेट्या दिसतात. कुणाच्या आहेत, शेवटचं त्यांच्याकडे कुणी कधी पाहिलं, कुणालाच सांगता येत नाही. अशा पेट्यांसाठी मला वारंवार बोलावणं येतं आणि पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "उघडून बघू का?"

नका उघडू. निदान आज तरी नका. पेटीत काय चाललंय यातलं बरंचसं बाहेरूनच कळतं. जे बाहेरून कळत नाही, ते कळून घेण्याआधी दोन गोष्टी झालेल्या असाव्या लागतात: मालकाचा शोध आणि रोगाची शक्यता लक्षात घेऊन केलेली तयारी. खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे जातो. पहिल्या काही तपासण्यांना पैसे लागत नाहीत आणि पेटीला हातही लावावा लागत नाही.

दुर्लक्षाची लक्षणं

दारासमोर गवत इतकं वाढलंय की माशांना त्यातून वाट काढत यावं लागतं. पेटी एका बाजूला कललीय, स्टँडचा एक पाय मातीत रुतलाय. झाकण सरकलंय, लाकूड फुगलंय, सांध्यांत फटी पडल्यात आणि माशा दार सोडून त्या फटींतून ये-जा करतायत. पेटीखाली मेणाचा चुरा किंवा मेलेल्या माशांचा थर आहे. पुढच्या फळीवर तपकिरी ओघळ आहेत. दारावर अख्खं कोळ्याचं जाळं आहे. आतून कुबट किंवा सडका वास येतो. पेटीच्या तोंडाशी गांधीलमाश्या घिरट्या घालतायत किंवा मुंग्यांची रांग थेट आत गेलीय.

यातलं एखादंच लक्षण असेल तर पेटी बेवारस ठरत नाही. फुलोऱ्यामागे पेट्या हलवणारे मधपाळ एका जागी पेट्या ठेवून बरेच दिवस फिरकत नाहीत. गवत तेवढ्यात वाढतं. थंड हवेच्या प्रदेशात हिवाळ्यात पेटी पूर्ण शांत असते, कारण तापमान १० अंशांच्या खाली गेलं की युरोपीय जातीच्या माशा (एपिस मेलिफेरा) सहसा बाहेर पडत नाहीत, आत एकमेकींना चिकटून गोळा करून बसतात. अशी शांत पेटी मेलेली समजून कुणी दार बुजवलं तर जिवंत वसाहत हकनाक जाते. म्हणून लक्षणं टिपून ठेवा, निष्कर्ष नंतर काढा.

पहिली तपासणी: बाजूला उभं राहून दार बघा

उबदार, वारा नसलेला दिवस निवडा. दुपारच्या आधी-नंतरचा वेळ चांगला. पेटीच्या समोर उभं राहू नका. ती माशांची उड्डाणाची वाट असते आणि तिथे उभ्या माणसाला त्या अडथळा समजतात. चार-पाच मीटर अंतरावर, बाजूला उभं राहा आणि पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघा. बहुतेक लोक इथे दोन मिनिटांत कंटाळतात आणि नेमकी हीच तपासणी वाया घालवतात.

सर्वांत आधी मागच्या पायांवर रंगीत गोळ्या घेऊन येणाऱ्या माशा शोधा. तो पराग आहे. पराग म्हणजे अळ्यांचं प्रथिन. परागाची आवक नियमित असेल तर आत अळ्या वाढतायत आणि बहुधा राणीही आहे. दुपारी काही माशा पेटीकडे तोंड करून हवेत आठ काढल्यासारख्या डोलताना दिसल्या तर त्या जागेची ओळख करून घेणाऱ्या तरुण माशा आहेत. म्हणजे गेल्या काही आठवड्यांत तिथे कोषांतून माशा बाहेर पडल्यात.

आता उलट चित्र. वर्दळ खूप आहे, पण पराग कुणाच्याच पायावर नाही. माशा दारात एकमेकींशी झटापट करतायत, किंवा पहाराच नाही आणि कुणीही आत घुसतंय. आत जाणारी हलकी, बाहेर येणारी जड. तळाशी मेणाच्या टोप्यांचा खडबडीत चुरा साचतोय. ही वसाहत भरभराटीची नाही, ही लूट आहे. आतली वसाहत मेलेली किंवा मरणासन्न आहे आणि आजूबाजूच्या माशा तिचा मध वाहून नेतायत. लोक हे बघून "पेटी जोरात चाललीय" म्हणतात, आणि सगळ्यांत मोठं नुकसान इथेच होतं. पेटी रोगाने मेलेली असेल तर लुटारू माशा मधाबरोबर तो रोगही घरी नेतात. मधमाशी सहज दोन-तीन किलोमीटरवर चरायला जाते, गरज पडली तर त्याहून बरीच लांब. एका पेटीचं दुर्लक्ष त्या साऱ्या टापूतल्या पेट्यांना आणि झाडांच्या ढोल्यांतल्या रानटी वसाहतींना भोवतं.

जमिनीवरही नजर टाका. सुरकुतलेल्या, अर्धवट पंखांच्या माशा रांगत असतील तर व्हरोआ या परजीवी किड्याचा आणि त्याच्यासोबत पसरणाऱ्या विषाणूचा संशय घ्या. खडूच्या तुकड्यांसारखे पांढरे किंवा काळपट कडक खडे दिसले तर तो बुरशीने वाळलेल्या अळ्यांचा रोग आहे. दारासमोर एकाएकी मेलेल्या माशांचा ढीग आणि त्यांच्या जिभा बाहेर आलेल्या असतील तर जवळपास कीटकनाशक फवारलं गेलंय का, याची चौकशी करा. अशा वेळी दोष पेटीच्या देखभालीत नसतो.

पेटीत मधमाश्याच आहेत ना, तेही खात्रीने बघा. रिकाम्या पेट्यांत गांधीलमाश्या घर करतात, उंदीर पिल्लं घालतात आणि उंदरांमागे सापही येतात. पेटीखाली हात घालायचा नाही.

दुसरी तपासणी: मालक

हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो. माझ्या लेखी सगळ्यांत महत्त्वाचा हाच.

पेटी लाकडाची वस्तू आहे आणि ती कुणाची तरी मालमत्ता आहे. ती तुमच्या जमिनीवर आहे म्हणून आपोआप तुमची होत नाही. माशांचं प्रकरण जरा वेगळं. त्या मुळात रानटी, पण पेटीत वसल्या की पेटीवाल्याच्या, हा विचार फार जुना आहे. इ.स. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या आज्ञेने संकलित झालेल्या रोमन कायद्यातही तो सापडतो: तुमच्या झाडावर बसलेल्या माशा त्या पेटीत घेईपर्यंत तुमच्या नाहीत, आणि तुमच्या पेटीतून उडालेला थवा नजरेआड होईपर्यंत तुमचाच. आज देशोदेशीचे नियम वेगवेगळे आहेत. एक गोष्ट मात्र सगळीकडे धरून चाला: मालकाच्या परवानगीशिवाय पेटी हलवणं किंवा मध काढणं ही चोरी ठरू शकते.

मालकाच्या खुणा पेटीवरच असतात. चारही बाजू, झाकणाची वरची बाजू आणि स्टँड नीट बघा. डागून उठवलेली आद्याक्षरं, रंगाने घातलेले क्रमांक, नोंदणीचा बिल्ला, पुसट झालेला फोन नंबर, यातलं काहीतरी बहुधा मिळतं. बऱ्याच देशांत पेट्यांची नोंदणी करावी लागते, त्यामुळे नुसता क्रमांकही संबंधित खात्याला पुरतो. रंगाची छटा, सुतारकाम, फ्रेमची (पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटीची) मापं यांवरून स्थानिक मधपाळ पुष्कळदा "ही अमक्याची पेटी" असं सांगू शकतात. म्हणून फोटो काढा: पूर्ण पेटी, प्रत्येक खूण जवळून, आणि आजूबाजूची जागा.

मग चौकशी. जमिनीचा आधीचा मालक, शेजारी, शेत करणारे, मधपाळांची स्थानिक संघटना, कृषी किंवा पशुसंवर्धन खात्याचं कार्यालय, या क्रमाने विचारा. बेवारस पेटीमागे बहुधा निष्काळजीपणा नसतो. मधपाळ आजारी पडलेला असतो, वारलेला असतो, किंवा घरच्यांना पेट्या कुठे ठेवल्यात हेच माहीत नसतं. त्यामुळे विचारताना सूर तक्रारीचा ठेवू नका. घरच्यांना पेट्यांचं ओझं वाटत असतं आणि कुणी जबाबदारी घ्यायला तयार आहे हे कळलं की ते स्वतःहून लिहून देतात. ते लेखी घ्याच. दोन ओळी, तारीख आणि सही पुरते.

शोध लागला नाही तर पेटीवर पावसात टिकेल अशी सूचना बांधा. तुमचं नाव, संपर्क, सूचना लावल्याची तारीख आणि कोणत्या तारखेपर्यंत वाट बघणार ते लिहा. किती दिवस थांबायचं हे तुमच्याकडच्या नियमांवर अवलंबून आहे, ते खात्यालाच विचारा. सूचनेचा फोटो ठेवा. पुढे मालक उगवलाच, तर तुम्ही योग्य ते केलं होतंत याचा पुरावा तोच.

वर्षांनुवर्षं रिकाम्या राहिलेल्या पेटीत रानातला थवा आपणहून येऊन बसलाय, असंही होतं. तेव्हा पेटी एकाची आणि माशा कुणाच्याच नाहीत, असा पेच पडतो. त्याचा निवाडा आपण करू नये. खात्याला दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

तिसरी तपासणी: कान आणि वजन

संध्याकाळी वर्दळ थांबल्यावर पेटीच्या बाजूला कान लावा आणि बोटाने हलकेच एक टिचकी मारा. पटकन उठून लगेच शमणारा गुंजारव म्हणजे वसाहत जागेवर आहे. लांबत जाणारा, रडवा सूर आला तर राणी नसण्याचा संशय घ्यायचा. हा केवळ संशय असतो, पुरावा नव्हे. अजिबात आवाज नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐका.

संध्याकाळची वेळ मुद्दाम सांगतेय. लूट चाललेल्या पेटीत दिवसा परक्या माशांचा आवाज असतो. अंधार पडला की त्या आपल्या घरी जातात. रात्री आवाज असेल तर तो आतल्या वसाहतीचा.

वजनासाठी पेटीची मागची बाजू बोटभर उचलून लगेच खाली ठेवा. हलकी लागली तर आत अन्न नाही, जड लागली तर साठा आहे. आधी तळपाट शाबूत आहे का बघा. कुजलेल्या तळाची पेटी उचलताना दुभंगली तर हजारो माशा तुमच्या पायाशी असतील. आख्खी पेटी उचलायचा मोह नको. युरोपीय माशांची दहा फ्रेमची खोल कोठी, म्हणजे पेटीचा एक मजला, मधाने भरली की ३५ ते ४० किलोपर्यंत जाते, आणि अशा दोन-तीन कोठ्या एकावर एक असू शकतात.

वसाहत मेलेली असेल तर

दोन संध्याकाळी आवाज नाही, पराग नाही, पहारा नाही. मग जागेच्या मालकाच्या संमतीने पेटी त्याच जागी माशाबंद करा. दारात लाकडी पट्टी, फटींवर रुंद चिकटपट्टी, झाकणावर वजन. हे अंधार पडल्यावर करा, नाहीतर लुटारू माशा आत कोंडल्या जातील. आतलं काही काढायचं नाही, साफ करायचं नाही. खर्च नगण्य, पण आसपासच्या वसाहतींचा धोका यानेच सगळ्यात जास्त कमी होतो. मालक सापडेपर्यंत पेटी आहे तशी राहते आणि पुरावाही शाबूत राहतो. आवाजाबद्दल जराही शंका असेल तर बंद करू नका. जिवंत वसाहत कोंडली तर आतली उष्णता वाढून ती काही तासांत मरू शकते.

झाकणाच्या फटीतून रेशमी जाळ्या आणि काळे बारीक दाणे दिसले तर तो मेणकिडा. लोकांना वाटतं की मेणकिड्याने वसाहत मारली. बहुतेक वेळा क्रम उलटा असतो: वसाहत आधी क्षीण होते, पोळ्यांवर पहारा उरत नाही, मग किडा शिरतो. त्याला कोरं पांढरं मेण फारसं चालत नाही. अळ्यांच्या कातींनी आणि परागाने काळं पडलेलं जुनं पोळं त्याला हवं असतं, कारण पोषण त्यात असतं. म्हणून मेणकिडा दिसला की "हा कुठून आला" यापेक्षा "वसाहत कशाने खचली" हे विचारा. पोळी उणे १५ अंश तापमानात दोन तास राहिली तर किड्याच्या सगळ्या अवस्था मरतात. या उपायाने वसाहत मारणाऱ्या रोगाचे बीजाणू मात्र मरत नाहीत. रोग नाही हे ठरल्याशिवाय जुनी पोळी दुसऱ्या पेटीत घालू नका.

मोकळ्या झालेल्या पेटीबद्दल आणखी एक. सातेरी, म्हणजे आपल्याकडची देशी मधमाशी (एपिस सेराना), जागा आवडली नाही तर पेटी सोडून उडून जाते. अन्न संपलं, मुंग्या लागल्या, मेणकिडा वाढला, की ती थांबत नाही. त्यामुळे सातेरीची दुर्लक्षित पेटी रिकामी सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. आत मेलेल्या माशा जवळपास नसतील आणि पोळी सुकी असतील तर बहुधा हेच झालंय. युरोपीय माशा त्या मानाने जागा धरून राहतात. त्यांच्या मेलेल्या पेटीत माशा कप्प्यांत डोकं खुपसून मेलेल्या दिसल्या तर ते उपासमारीचं लक्षण असतं.

वसाहत जिवंत असेल तर, न उघडता

दारासमोरचं गवत हातकात्रीने काढा. यंत्र वापरू नका, त्याच्या थरथरीने आणि आवाजाने माशा चवताळतात. कललेल्या पेटीला बाजूने टेकू द्या, झाकणावर वीट ठेवा, पट्ट्याने पेटी बांधा. गांधीलमाश्या किंवा परक्या माशा त्रास देत असतील तर लाकडी पट्टीने दार दोन बोटांइतकं लहान करा. दुबळ्या वसाहतीला लहान दार राखणं सोपं जातं. मुंग्यांसाठी स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवता येतात. थोड्या अंतरावर उथळ भांड्यात पाणी आणि बसायला खडे ठेवा.

खाऊ घालण्याची घाई नको. मध तर अजिबात देऊ नका, कुठलाही. अनोळखी मधातून अळ्यांच्या रोगाचे बीजाणू जाऊ शकतात. साखरेचा पाकही उघड्यावर ठेवला तर आजूबाजूच्या माशा लुटायला जमतात. पेटी हलकी लागली असेल तर पाक कसा आणि कुठे द्यायचा हे जाणत्या मधपाळाकडून करून घ्या.

ज्यांना मधमाशीपालनाचा अनुभव नाही, त्यांचं काम इथे संपतं. पुढचं काम पोशाख, स्मोकर (धूर देणारं भांडं) आणि अनुभव असलेल्यांसाठी आहे.

शेवटची तपासणी: झाकण उघडणं

परवानगी मिळालेली आहे, हवा उबदार आणि शांत आहे, सोबत दुसरं माणूस आहे, गाडी जवळ आहे. मग उघडा. धुता येणारे हातमोजे घाला. या पेटीवर वापरलेली लोखंडी पट्टी, स्मोकर, बूट नंतर धुण्याच्या सोड्याच्या कडक द्रावणाने घासून घ्यायचे आहेत, आणि त्याच दिवशी आपल्या स्वतःच्या पेट्यांकडे जायचं नाही. स्वतःच्या पेट्या आधी, बेवारस पेटी शेवटी.

ही वसाहत शांत असेल असं गृहीत धरू नका. देखभाल नसलेल्या पेटीत राणी अनेकदा बदललेली असते आणि नवी राणी बाहेरच्या नरांशी संयोग करून येते. मूळ मधपाळाने निवडलेला शांत वाण काही पिढ्यांत हरवतो. १९५७ मध्ये ब्राझीलमध्ये पेट्यांतून सुटलेल्या आफ्रिकी माशांचे वंशज अमेरिका खंडात जिथे पसरलेत, तिथे तर बेवारस पेटी हौशी माणसाने उघडूच नये. एकाएकी पिकल्या केळ्यासारखा वास आला तर तो माशांचा धोक्याचा गंध आहे. धूर द्या, झाकण ठेवा, मागे व्हा. धूर त्या गंधाला झाकतो, म्हणून स्मोकर आधीपासून पेटलेला हवा.

चिकटलेलं झाकण दिसलं की बहुधा युरोपीय माशा समजा. त्या झाडांचा डिंक आणून सगळे सांधे बुजवतात, सातेरी असं करत नाही. आतल्या फ्रेमही एकमेकींना जोडलेल्या असतात. अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथने १८५२ मध्ये पेटंट घेतलेली पेटी चालते ती ६ ते ९ मिलिमीटरच्या मोकळ्या वाटेवर: तेवढी जागा माशा मोकळी सोडतात, त्याहून मोठी दिसली की पोळं बांधतात. एक फ्रेम जरी गायब असली तरी पोळं झाकणापासून लोंबतं आणि सगळ्या फ्रेम गुंतवून टाकतं. अशी पेटी ओढाताण करून उघडू नका, राणी चिरडते. अगदी कडेच्या फ्रेमपासून सुरुवात करा. ती हलत नसेल तर थांबा. रोग नसल्याची खात्री झालेल्या गुंतलेल्या पेटीसाठी माझी पद्धत सावकाशीची आहे: वर नवी कोठी द्यायची, राणी वर गेली की मध्ये राणी-जाळी (कामकरी माशा जातात पण राणी जात नाही अशी जाळी) घालायची आणि खालच्या सगळ्या कामकरी माशा कप्प्यांतून बाहेर पडेपर्यंत, म्हणजे २१ दिवस, थांबायचं. नरांना २४ दिवस लागतात. मग खालची जुनी कोठी रिकामीच निघते.

अळ्यांची फ्रेम हाती आली की सूर्य पाठीमागे घेऊन कप्प्यांच्या तळाशी बघा. उभं, तांदळाच्या कणीसारखं अंडं दिसलं तर गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. राणी शोधत बसू नका, अंडी पुरतात. राणी दिसलीच आणि तिच्या पाठीवर रंगाचा ठिपका असला तर वर्ष कळतं: पांढरा १ किंवा ६ ने संपणारं वर्ष, पिवळा २ किंवा ७, लाल ३ किंवा ८, हिरवा ४ किंवा ९, निळा ५ किंवा ०. हा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. पेटीला माणसाचा हात शेवटचा कधी लागला याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. एका कप्प्यात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली, आणि लहान कप्प्यांवर फुगीर टोप्या दिसल्या तर राणी नाही आणि कामकरी माशा अंडी घालतायत. त्या अंड्यांतून फक्त नर होतात, वसाहत आपोआप सावरणार नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. बंद कप्प्यांच्या टोप्या कोरड्या आणि किंचित फुगीर असायला हव्यात. त्या खचलेल्या, तेलकट, काळपट, मध्ये वेडंवाकडं भोक पडलेल्या दिसल्या तर काडेपेटीची काडी घेऊन एका अशा कप्प्यात फिरवा आणि हळू बाहेर ओढा. तपकिरी, चिकट तार दोन-तीन सेंटिमीटर ताणली गेली तर तो बहुधा अमेरिकन फाउलब्रूड, म्हणजे अळ्या सडवणारा जिवाणूंचा रोग आहे. वाळलेल्या अवस्थेत तो कप्प्याच्या खालच्या बाजूला काळा खपला होऊन बसतो आणि खरवडूनही निघत नाही. त्याचे बीजाणू पोळ्यांत, लाकडात, मधात अनेक दशकं जिवंत राहतात. प्रतिजैविकं ते मारू शकत नाहीत, फक्त लक्षणं झाकतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या यादीत हा रोग आहे आणि पुष्कळ देशांत तो कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. इथे हात थांबवा. फ्रेम जागेवर ठेवा, काडी पेटीतच टाका, झाकण लावा, दार लहान करा, पेटी हलवू नका आणि लगेच खात्याला कळवा. अशा वसाहती सहसा खड्ड्यात जाळून पुरतात, आणि ते ठरवणं अधिकाऱ्यांचं काम आहे.

अळ्या टोपी बसण्याआधीच पिवळट, वाकड्यातिकड्या पडून मेल्या असतील तर तो युरोपियन फाउलब्रूड असू शकतो. पाण्याच्या पिशवीसारखी अळी सबंध उचलता आली तर सॅकब्रूड हा विषाणूचा रोग. सातेरीमध्ये त्याचा थाई प्रकार फार मारक ठरलेला आहे. दोन्हींत निदान तज्ज्ञाकडून करून घ्या.

व्हरोआसाठी अर्धा कप, म्हणजे साधारण ३०० माशा, जाळीच्या बरणीत घेऊन पिठीसाखरेत घोळवतात आणि खाली पडलेले तांबूस किडे मोजतात. माशा घेताना त्यांत राणी नाही ना, हे आधी बघा. नऊ किंवा जास्त किडे पडले, म्हणजे शंभर माशांमागे तीन, तर उपचार टाळू नये असं सर्वसाधारणपणे मानतात. सातेरी या किड्याची मूळ यजमान. तिच्यात तो मुख्यतः नरांच्याच कप्प्यांत वाढतो, त्यामुळे नुकसान कमी. युरोपीय माशांत मात्र उपचाराविना पडलेली वसाहत बहुधा काही वर्षांतच संपते.

मध कितीही दिसला तरी तो खायला किंवा विकायला काढू नका. पेटीत पूर्वी कोणती औषधं घातली होती हे कुणाला माहीत नाही.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

- तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला डंखाची ॲलर्जी आहे.
- पेटीपासून बऱ्याच अंतरावरही माशा अंगावर येतात किंवा पाठलाग करतात.
- पेटी उलटली आहे, फुटली आहे, उंचावर किंवा भिंतीच्या पोकळीला लागून आहे.
- शाळा, रस्ता, गोठा जवळ आहे.
- फाउलब्रूडचा संशय आहे.
- मालकाबद्दल वाद आहे.

डंख बसला तर नांगी नखाने लगेच काढा. कशी काढता यापेक्षा किती पटकन काढता हे महत्त्वाचं, कारण तुटलेली नांगी विष सोडत राहते. माशा तुटून पडल्या तर तोंड झाकून सरळ घरात किंवा गाडीत पळा, पाण्यात उडी मारू नका. डंखापासून दूरच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा जीभ सुजली, श्वास लागला, चक्कर आली, तर ती तातडीची वैद्यकीय वेळ आहे. वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा. असंख्य डंख बसले असतील तर ॲलर्जी नसलेल्यालाही दवाखान्यात न्यायचं.

जाणकाराला किंवा खात्याला फोन करण्याआधी एवढं लिहून हाताशी ठेवा: पेट्या किती आणि एकावर एक किती कोठ्या, नेमकी जागा आणि तिथे गाडी जाते का, दारात पराग दिसला की नाही, संध्याकाळी आवाज होता की नाही, पेटीवरच्या खुणा आणि क्रमांक, सूचना कोणत्या तारखेला लावली, जवळ कुणाच्या दुसऱ्या मधपेट्या आहेत का. आजूबाजूच्या मधपाळांना मात्र त्याच दिवशी स्वतः कळवा, म्हणजे ते आपल्या पेट्यांची दारं लहान करतील आणि अळ्यांच्या फ्रेम तपासून घेतील.